यादीबाहेरची मुले : अमेरिकेतील शालेय बास्केटबॉल आणि पारख्यांचा इतिहास

#थ्रेड

१९८० सालचा उन्हाळा. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराजवळ रॉबर्ट मॉरिस महाविद्यालयाच्या आवारात शाळकरी बास्केटबॉलपटूंचे निवासी शिबिर भरले होते. शिबिराचा चालक हॉवर्ड गारफिंकल हा न्यूयॉर्कचा गृहस्थ. तो स्वतः नावाजलेला खेळाडू नव्हता आणि प्रशिक्षकही नव्हता. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमधून पुढे कोण मोठा होणार हे ओळखण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनहून आलेल्या एका सडपातळ मुलाचा खेळ त्याने पाहिला आणि लगोलग एक फोन लावला.

फोन होता 'स्ट्रीट अँड स्मिथ' या बास्केटबॉलच्या वार्षिकाला. येत्या मोसमात देशभरातील कोणत्या शाळकरी खेळाडूंकडे लक्ष ठेवावे, त्यांची शेकडो नावांची यादी हे वार्षिक छापत असे. या मुलाचे नाव अगदी वरच्या संघात घाला, असा गारफिंकलचा आग्रह होता. उत्तर आले की उशीर झाला, अंक छपाईला गेला. त्या वर्षीच्या यादीत मायकेल जॉर्डन हे नाव नाही.

ही गोष्ट बहुधा जॉर्डनच्या थोरवीसाठी सांगितली जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे लक्ष मात्र त्या यादीकडे जाते. आपण दफ्तरखान्यात बसतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायला शिकतो, की हा कागद कोणी लिहिला, कुठे उभे राहून लिहिला आणि कोणासाठी लिहिला. शेकडो नावे असलेल्या त्या यादीलाही हेच प्रश्न विचारता येतात. या धाग्यात तेच करायचे आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'स्काउट' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतला खाकी गणवेश आणि गळ्यातला रुमाल येतो. येथे तो अर्थ नाही. होतकरू खेळाडू शोधणारा, त्याला पुनःपुन्हा पाहणारा आणि त्याच्याविषयी दुसऱ्या कोणाला तरी कळवणारा माणूस म्हणजे स्काउट. मी त्याला 'पारखी' म्हणणार आहे. आपल्याकडे जत्रेच्या फडात पोरांच्या कुस्त्या पाहत उभा राहणारा वस्ताद किंवा आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना पाहणारा जुना क्रिकेटपटू हे याच जातीचे लोक. फरक इतकाच, की अमेरिकेत या नजरेभोवती पुढे एक अख्खा धंदा उभा राहिला.

तो तिथेच का उभा राहिला, याचे कारण तिथल्या शिक्षणव्यवस्थेत आहे. युरोपात फुटबॉलपटू क्लबात घडतो. अमेरिकेत बास्केटबॉलपटू शाळेत घडतो, शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात जातो आणि तिथून व्यावसायिक संघात. महाविद्यालयाला खेळाडू विकत घेता येत नसे; त्याला आपल्याकडे येण्यासाठी राजी करावे लागे. शिवाय या खेळात एका वेळी मैदानावर पाचच जण असतात. फुटबॉलमध्ये अकरांतला एक असामान्य असला तरी संघ सामान्य राहू शकतो. बास्केटबॉलमध्ये एकच सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या महाविद्यालयाचे नशीब पालटू शकतो. म्हणून त्याला इतरांच्या आधी पाहणे मोलाचे.

साठीच्या दशकापर्यंत हे काम ओळखीपाळखीवर चाले. कोणी माजी विद्यार्थी, कोणी विमा एजंट, कोणी शाळामास्तर आपल्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला चिठ्ठी धाडी, की अमुक शाळेत एक मुलगा आहे, येऊन पाहा.

बिल रसेलची गोष्ट त्या काळातली. ओकलंडच्या मॅकक्लिमंड्स शाळेत तो कनिष्ठ संघातही जेमतेम शिरला होता. गणवेश पंधरा आणि मुले सोळा. त्यामुळे रसेल आणि आणखी एक मुलगा एकच गणवेश आळीपाळीने वापरत. कोणत्याही यादीत तो असणे शक्य नव्हते. शाळेतल्या शेवटच्या दिवसांत एका सामन्यात त्याने १४ गुण केले. आकडा फारसा मोठा नाही. पण प्रेक्षकांत हॅल डिज्युलिओ नावाचा सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा माजी खेळाडू होता. त्याने गुण मोजले नाहीत. हा मुलगा उडी केव्हा घेतो आणि चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कसे कळते, ते पाहिले. रसेलला शिष्यवृत्तीचा प्रस्ताव मिळाला तो या एकाच विद्यापीठाकडून, आणि त्या विद्यापीठाकडे स्वतःची व्यायामशाळासुद्धा नव्हती. १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे त्याच विद्यापीठाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पुढे बोस्टनकडून रसेलने ११ व्यावसायिक अजिंक्यपदे जिंकली.

डिज्युलिओ त्या संध्याकाळी दुसरीकडे गेला असता तर? असले प्रश्न इतिहासकाराने विचारू नयेत म्हणतात. मी विचारतो, कारण डिज्युलिओ न पोहोचलेल्या व्यायामशाळा हजारो होत्या.

आणि काही व्यायामशाळांत तर पारखी जाणारच नव्हते. दक्षिणेतील राज्यांत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या. कृष्णवर्णीय शाळेतला मुलगा कितीही चांगला असो, त्याच्याच राज्याच्या विद्यापीठाचा प्रशिक्षक त्याला पाहायला येत नसे. पाहून उपयोगही नव्हता, कारण घेता येत नसे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, चार्ली स्कॉट, दाखल झाला तो १९६६ साली. त्याआधी दहा वर्षे हेच विद्यापीठ खेळाडू शोधायला शेकडो मैल उत्तरेला न्यूयॉर्कपर्यंत जात होते! प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर न्यूयॉर्कचा. तिथे त्याच्यासाठी हॅरी गॉटकिन हा माणूस मुले हेरत असे. १९५७ मध्ये ३२ पैकी ३२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरलेला या विद्यापीठाचा संघ न्यूयॉर्क परिसरातल्या मुलांनी बनलेला होता. स्वतःच्या राज्यातील कृष्णवर्णीय शाळांकडे मात्र त्याची पाठ होती.

त्या शाळांकडे पाहणारे दुसरे डोळे होते. विन्स्टन-सेलम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रशिक्षक क्लॅरेन्स गेन्स, ज्यांना सारे 'बिग हाउस' म्हणत, यांनी १९४६ पासून संघ सांभाळला. उत्तरेकडच्या शहरांत विखुरलेले मित्र आणि माजी विद्यार्थी हेच त्यांचे पारखी. फिलाडेल्फियाचा अर्ल मन्रो त्यांच्याकडे असाच आला. १९६७ च्या मोसमात मन्रोने सामन्यामागे सरासरी ४१.५ गुण केले, आणि गेन्स यांचा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेचे बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकणारा कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा पहिला संघ ठरला. भेदाच्या भिंतीआड एक समांतर माहितीचे जाळे चालू होते. आज त्याचे कागद फार कमी सापडतात, कारण ते बहुतांशी बोलण्यातच चालत असे.

ओळखीपाळखीच्या या जगाची दुसरी काळी बाजूही सांगायला हवी. जे मुलगे चांगले खेळतात ते कोण, हे जाणण्यात जुगाऱ्यांनाही रस होता. ब्रुकलिनच्या बॉइज हायस्कूलचा कॉनी हॉकिन्स १९६० मध्ये देशातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूंपैकी एक मानला जाई. जॅक मोलिनास या माजी खेळाडूच्या टोळीने त्याच्याशी ओळख वाढवली होती. १९६१ मध्ये सामने निश्चितीचे प्रकरण फुटले. हॉकिन्सवर कधीही आरोपपत्र दाखल झाले नाही. तरी आयोवा विद्यापीठाने त्याला काढले आणि एनबीएने दारे बंद केली. त्याने एनबीएवर दावा लावला, १९६९ मध्ये तडजोड झाली आणि २७ व्या वर्षी तो प्रथम त्या स्पर्धेत खेळला. मधली आठ वर्षे गेली ती गेलीच.

या पार्श्वभूमीवर गारफिंकलचे काम पाहायला हवे. साठीच्या मध्याला त्याने 'हायस्कूल बास्केटबॉल इलस्ट्रेटेड' नावाचे पत्रक सुरू केले. यात ईशान्येकडच्या शाळांतील खेळाडूंची नावे, उंची, दोन-तीन ओळींचे वर्णन आणि एकपासून पाचपर्यंतची श्रेणी असे. पत्रक दुकानात मिळत नसे. महाविद्यालयांचे प्रशिक्षक वर्गणी भरत आणि ते टपालाने येई. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट खरे तर मोठा बदल होती. आजवर एका महाविद्यालयाच्या कानात सांगितली जाणारी माहिती आता वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला एकाच दिवशी मिळू लागली. मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याच्या गावात आलेला एकच माणूस आता त्याचे भविष्य ठरवणार नव्हता.

१९६६ मध्ये गारफिंकलने विल क्लाइन या भागीदारासह 'फाइव्ह-स्टार' शिबिर काढले. सगळीकडे फिरून मुले पाहण्याऐवजी मुलांनाच एका जागी आणायचे, अशी ती युक्ती. सकाळी कौशल्यांचे धडे, दुपारी-संध्याकाळी सामने. शिकवायला बॉबी नाइट, ह्युबी ब्राउन, पुढे रिक पिटिनो अशी माणसे. शिकवणारे बहुतेक महाविद्यालयीन प्रशिक्षक होते, म्हणजे शिकवता शिकवता ते पारखही करत. पेनसिल्व्हेनियातील होन्सडेल या डोंगराळ गावात प्रमुख शिबिर भरे, पिट्सबर्गचे नंतरचे. मोझेस मलोन, आयझाया थॉमस, पॅट्रिक युइंग या शिबिरांतून गेले.

आणि जॉर्डन. त्याच्याविषयी एक दुरुस्ती येथेच करून टाकतो. 'जॉर्डनला शाळेच्या संघातून हाकलले होते' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा वाचले असेल. १९७८ मध्ये दहावीत असताना त्याला वरिष्ठ संघात घेतले नाही, कनिष्ठ संघात ठेवले. वरिष्ठ संघातली जागा त्याच्याहून बराच उंच असलेल्या लेरॉय स्मिथला मिळाली. त्या काळी दहावीच्या मुलांना वरिष्ठ संघात घेणेच अपवादात्मक होते. जॉर्डनची उंची तेव्हा पाच फूट दहा इंचांच्या आसपास होती. पुढच्या दोन वर्षांत तो पाच-सहा इंचांनी वाढला. यादीने त्याला गाळले यात यादीचाही सगळा दोष नाही. जो खेळाडू नंतर जगाने पाहिला, तो तोवर शरीराने घडलाच नव्हता.

शिवाय नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला त्याची कुणकुण आधीच लागलेली होती, तीही जुन्याच मार्गाने, म्हणजे त्या जिल्ह्याच्या शाळांचे क्रीडा प्रमुख मायकेल ब्राउन यांनी विद्यापीठाला कळवल्यामुळे. तेथील तरुण साहाय्यक प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांच्या खटपटीने जॉर्डन फाइव्ह-स्टारला पोहोचला. जुने जाळे आणि नवे शिबिर या दोहोंच्या सांध्यावर हा मुलगा सापडला. १९८१ मध्ये विचिटा येथे मॅकडोनाल्ड्सच्या अखिल अमेरिकन शालेय सामन्यात त्याने ३० गुण केले, तेव्हा तो यादीच्या बाहेरचा राहिला नव्हता.

१९८४ मध्ये गारफिंकलने पत्रक टॉम कोंचाल्स्कीच्या हाती सोपवले. आता मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस हाच.

कोंचाल्स्की न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. लहानपणी मैदानावर कॉनी हॉकिन्सचा खेळ पाहून तो या खेळाच्या नादी लागला. त्याला गाडी चालवता येत नसे. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता. बस, रेल्वे, नाही तर कोणा प्रशिक्षकाच्या गाडीत बसून तो शाळांच्या व्यायामशाळा गाठी, वरच्या बाकावर पिवळ्या कागदांची वही घेऊन बसे. घरी येऊन टंकलेखन यंत्रावर अहवाल बडवी, प्रती काढी, टाचण्या मारी आणि पाकिटे टपालात टाकी. इंटरनेटच्या काळातही हे असेच चालले. वर्णन मोजक्या शब्दांत, पण त्या मुलाचे खेळणे डोळ्यांपुढे उभे करणारे. कोणाचा अपमान नाही. कच्चेपणा लिहायचा तर तोही पुढे पक्का होईल अशा आशेने. मोठ्या विद्यापीठाच्या लायक नसलेल्या मुलालाही त्याच्या कुवतीचे महाविद्यालय मिळावे, म्हणून तो खालच्या श्रेणीची नावेही तेवढ्याच काळजीने लिही. प्रशिक्षकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता, कारण तो कोणाकडून दुसरे काही घेत नसे. वर्गणी एवढेच त्याचे उत्पन्न. २०२० मध्ये पत्रक थांबले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, ७४ व्या वर्षी, कोंचाल्स्की गेला.

पुराभिलेखांच्या अभ्यासकाला हा माणूस पाहून हेवा वाटावा. छत्तीस वर्षे एकाच लेखकाने, एकाच पद्धतीने, एकाच प्रदेशातील हजारो पोरांविषयी लिहिलेली ही नोंद आहे. यातले बहुसंख्य पुढे कोणी प्रसिद्ध झाले नाहीत. त्यांच्या सतराव्या वर्षाचा लेखी पुरावा कदाचित एवढाच असेल.

पण याच काळात यादीचा गिऱ्हाईक बदलत होता. पिट्सबर्गजवळच्या ट्रॅफर्डचा शिक्षक सनी व्हॅकारो याने १९६५ मध्ये पॅट डिसेझारे या मित्रासह 'डॅपर डॅन' नावाचा शालेय खेळाडूंचा सामना सुरू केला होता. देशभरातले उत्तम विद्यार्थी-खेळाडू एका रात्री एका मैदानावर, म्हणून प्रशिक्षकांची झुंबड उडे. सत्तरीच्या अखेरीस व्हॅकारो नाइकी या बुटांच्या कंपनीत गेला. महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांशी करार करायचे, म्हणजे संघाच्या पायांत आपले बूट येतात, ही कल्पना त्याची. १९८४ मध्ये जॉर्डनशी करार करावा म्हणून नाइकीत आग्रह धरणाऱ्यांत तो होता, आणि त्याच वर्षी त्याने 'एबीसीडी' हे शालेय खेळाडूंचे शिबिर काढले. येथे येण्यासाठी पैसे भरावे लागत नसत, आमंत्रण लागे. बूट आणि कपडे फुकट. पुढे नाइकी सोडून तो आदिदासकडे गेला, तेव्हा शिबिराचे नावही घेऊन गेला.

फरक लक्षात घ्या. गारफिंकलचे पत्रक प्रशिक्षक विकत घेई, कारण त्याला संघ बांधायचा होता. बूट कंपनी पैसे घाली, कारण यातला एखादा मुलगा पाच वर्षांनी तिचे बूट खपवणार होता. संघाला चांगले दहा-बारा खेळाडू चालतात. जाहिरातीला एकच लागतो. यादीच्या शिखराला अवास्तव महत्त्व आले ते येथपासून, असे माझे मत आहे.

त्या व्यवस्थेत खालच्या बाजूला काय होत होते हे पाहायचे तर १९९४ चा 'हूप ड्रीम्स' हा माहितीपट पाहा. शिकागोतील आर्थर एगी आणि विल्यम गेट्स हे दोन मुलगे. आर्थरला मोहल्ल्याच्या मैदानावर अर्ल स्मिथ नावाचा हौशी पारखी हेरतो आणि उपनगरातल्या सेंट जोसेफ या खासगी शाळेत नेतो, जिथे आयझाया थॉमस शिकला होता. खेळ अपेक्षेएवढा बहरत नाही, शुल्क थकते, आणि शाळा त्याला वर्षाच्या मध्येच बाहेर काढते. विल्यमचे शुल्क भरायला मात्र हितचिंतक मिळतो. दोघांच्या गुणांत असलेल्या फरकाची किंमत पैशांत कशी मोजली गेली, हे या चित्रपटात लख्ख दिसते. तीन तास लांब आहे. एका बैठकीत पाहा.

आता २००१ चा जुलै. न्यू जर्सीतील टीनेक येथे एबीसीडी शिबिर. देशातील अव्वल शालेय खेळाडू म्हणून तेव्हा नाव होते लेनी कूक याचे. ब्रुकलिनमध्ये वाढलेला, एकोणीस वर्षांचा, आत्मविश्वासाने भरलेला. त्याच्या समोर ओहायोतल्या ॲक्रनचा सोळा वर्षांचा लेब्रॉन जेम्स. लेब्रॉनने २४ गुण केले, कूकने ९. शेवटच्या क्षणी, एका पायावर झेपावत, लेब्रॉनने तीन गुणांची फेक बास्केटमध्ये घातली आणि सामना नेला.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, निदान अर्धे. सात महिन्यांनी लेब्रॉन 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर आला, २००३ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिला ठरला. कूकने २००२ मध्येच महाविद्यालय वगळून एनबीएच्या निवडीत नाव दिले. कोणीच निवडले नाही. एकदा नाव दिल्यामुळे महाविद्यालयाचा रस्ताही बंद झाला. परदेशांत, लहान स्पर्धांत तो काही वर्षे खेळत राहिला. २०१३ मध्ये सॅफडी बंधूंनी त्याच्यावर केलेला माहितीपट आला, त्यात तिशी ओलांडलेला, वजन वाढलेला लेनी कूक दिसतो.

कूकविषयी लिहिताना लोक त्याच्या आळसाला बोल लावतात, आणि तो स्वतःही लावतो. पण यादीत पहिले नाव असलेल्या मुलाच्या भोवती कोणती माणसे गोळा होतात आणि ती त्याला काय सांगतात, हा भाग त्या हिशेबात येत नाही. जॉर्डनचे नाव यादीत नव्हते, याची गोष्ट आपण आवडीने सांगतो. यादीत सर्वांत वर नाव असण्याने काय होऊ शकते, याची गोष्ट लेनी कूक आहे.

तो शाळेतून थेट एनबीएत जायला निघाला, कारण ती वाट तेव्हा खुली होती. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट शिकागोच्या फॅरागट शाळेतून थेट पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट तेराव्या. २००१ मध्ये क्वामी ब्राउन हा थेट शाळेतून आलेला पहिला खेळाडू क्रमांक एकवर निवडला गेला आणि त्या अपेक्षेला कधीच उतरला नाही. एनबीएचे पारखी सतरा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांना हजेरी लावत होते, आणि चुकत होते. अखेर २००५ च्या करारात किमान वय १९ आणि शाळा संपून एक वर्ष अशी अट आली. मुलांच्या हितासाठी, असे म्हटले गेले. संघांचेही हित त्यात होते. त्यांना आणखी एक वर्ष मुलाला पाहायला मिळू लागले, तेही महाविद्यालयाच्या खर्चाने. गंमत म्हणजे खेळाडूंना त्यांच्या नावा-चेहऱ्याच्या वापराबद्दल मोबदला मिळावा, यासाठीच्या ओ'बॅनन खटल्यामागे पुढे उभा राहिला तो सनी व्हॅकारोच. ज्याने हा बाजार बांधायला हातभार लावला, त्यानेच मुलांचा वाटा मागितला.

आज यादी संकेतस्थळांवर असते, दर काही आठवड्यांनी बदलते, आणि सातवी-आठवीतल्या मुलांच्या चित्रफितीही फिरतात. तरी शरीर आपल्या वेळेनेच वाढते. शिकागोच्या पर्स्पेक्टिव्हज या लहान शाळेतला अँथनी डेव्हिस अकरावीच्या सुमारास सहा फूट दोन-तीन इंचांचा, कोणी फारसा न विचारलेला मुलगा होता. दीड वर्षात तो सहा फूट दहा इंचांचा झाला आणि २०११ च्या शालेय तुकडीच्या याद्यांत सर्वांत वर गेला. २०१२ च्या एनबीए निवडीत पहिला. लहान चणीचा असताना शिकलेली चेंडू हाताळण्याची कला त्याच्याकडे उरली, आणि तीच त्याला इतर उंच खेळाडूंहून वेगळे करून गेली.

भौगोलिक सीमाही सरकली. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत शिष्यवृत्तीवर गेला आणि २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने त्याला निवडले. एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याच्याबाबतीतही पहिली नजर उंचीवर पडली होती. उंची लांबून दिसते.

शेवटची गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे शालेय खेळाडूंचे शिबिर. मरे स्टेट या केंटकीतील मध्यम विद्यापीठाचा साहाय्यक प्रशिक्षक जेम्स केन तिथे दुसऱ्याच एका मुलाला पाहायला आला होता. भूक लागली म्हणून तो खाण्याचे काही मिळते का पाहायला निघाला. वाटेत मागच्या एका छोट्या व्यायामशाळेतून चेंडू आपटल्याचा आवाज आला. मुख्य मैदानावर जागा न मिळालेली पोरे तिथे तीन-तीनच्या संघांत खेळत होती. त्यातला एक सडपातळ मुलगा पाहून केन थांबला आणि त्याने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला फोन लावला. मुलाचे नाव जा मोरंट. सम्टर गावचा. मोठ्या याद्यांत तो नव्हता, आणि विशेष म्हणजे ज्या झायन विल्यमसनला पाहायला देशभरातून पारखी येत, त्याच्याच बरोबर तो काही काळ एका उन्हाळी संघात खेळला होता. म्हणजे पारख्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांची नजर शेजाऱ्यावर होती.

२०१९ च्या निवडीत पहिला आला झायन. दुसरा आला मोरंट.

कॉनी हॉकिन्सच्या खटल्यावर येथे चार ओळीच लिहिता आल्या. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, पुढच्या महिन्यात लिहीन. तोवर तुमच्या गावच्या तालमीत, मैदानावर अशी पारख करणारे कोणी असेल तर खाली लिहा. नावे नकोत, ते मुलात नेमके काय पाहत, ते लिहा.